मॉसला दुपारी उठवू नका

ते रील तुम्हीही पाहिलं असेल. काचेची गोल बरणी, तळाशी पांढरे खडे, त्यावर हिरवीगार मखमल, मधोमध एक इवलंसं प्लास्टिकचं हरीण आणि वरून फुस्स करून एक फवारा. खाली लिहिलेलं असतं, ‘काहीच काळजी घ्यावी लागत नाही’. मग आपण मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर बघतो. एप्रिलमधलं नांदेड. पारा बेचाळीसच्या आसपास, समोरच्या टाकीवर कावळा चोच उघडी टाकून बसलेला. मनात येतं, हे कोकणातल्या नाहीतर महाबळेश्वरच्या लोकांचे लाड. आपल्याकडं कुठून जगायचं मॉस?

जगतं. मी तीन मारून चौथं जगवलंय, त्यामुळं हे जरा हक्कानं सांगते. आणि ते कुठून आणायचीही गरज नाही. बहुतेक तुमच्या गच्चीवर, नाहीतर कंपाउंडच्या भिंतीवर ते आत्ताही आहे. उन्हाळा असेल तर तुम्हाला ते वाळलेली घाण वाटत असेल, एवढंच.

आधी एक घोळ निस्तरू. पावसाळ्यात गच्चीवर जाताना आई खालून ओरडते, ‘जपून गं, शेवाळलंय!’ ज्यावरून आपण आपटतो ते बहुतेक वेळा शैवाल असतं, म्हणजे अल्गी. बुळबुळीत थर, त्याला ना खोड ना पान. मॉस वेगळं. पन्हळीच्या पाइपाखाली, ओव्हरफ्लो होणाऱ्या टाकीच्या बुडाशी, विटांच्या सांध्यात ते छोट्या उशीसारखं फुगून आलेलं असतं. बोट लावलं तर मऊ लागतं. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन झूम केला, की इवली इवली खोडं आणि वरून चांदणीसारखी दिसणारी पानं स्पष्ट दिसतात. मराठीत बोलताना आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो, म्हणून इथं मी सरळ मॉस म्हणतेय.

लातूरला राहून ‘नीट’ची तयारी केलेल्यांना तर याची ओळख करून द्यायला नको. अकरावीचा वनस्पती सृष्टीचा धडा, ब्रायोफायटा, फ्युनारियाची आकृती. ‘वनस्पतीसृष्टीतले उभयचर’ हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. जमिनीवर राहतात, पण नरपेशीला पोहत जायचं असल्यामुळं प्रजननाला पाणी लागतं, म्हणून उभयचर. खरी मुळं नाहीत, मूलाभ असतात आणि त्यांचं मुख्य काम धरून राहण्याचं. पाणी पितात ते पानांनीच, आणि ती पानं बहुतेक जागी एका पेशीच्या जाडीची.

मी ही आकृती त्या दोन वर्षांत पन्नासेक वेळा काढली असेल. लातूरला मी राहायचे त्या खोलीच्या खिडकीखाली कूलरचं पाणी गळून भिंतीवर हातभर लांबीचा ओला पट्टा तयार झाला होता. त्या पट्ट्यात खरं मॉस वाढत होतं. ते मला दिसलं बारावी संपल्यावर, खोली रिकामी करताना, गादीची गुंडाळी बाहेर काढून ठेवली तेव्हा. दोन वर्षं मान खाली घालून ज्याचं चित्र गिरवलं, ते खिडकीच्या दीड फूट खाली होतं. मालकीणकाकूंना विचारलं, ‘यातलं थोडं नेऊ का?’ त्या म्हणाल्या, ‘ने की बाई, सगळंच ने. भिंत खराब करायलंय ते.’

तीन मेले त्याची गोष्ट

पहिलं खरं म्हणजे मेलेलंच आलं होतं. लातूरहून परतल्यावर उत्साहाच्या भरात मी ऑनलाइन एक ‘मॉस किट’ मागवलं. आलं ते सुंदर होतं, पोपटी, मऊ. महिनाभर पाणी मारलं, तर पाण्याला हिरवा रंग सुटायला लागला. ते ‘प्रिझर्व्ह्ड’ मॉस होतं. म्हणजे वाळवून, ग्लिसरीनसारख्या द्रावणात मुरवून, रंग देऊन टिकवलेलं. भिंतीवर लावायच्या ज्या हिरव्या फ्रेमा मिळतात त्यात हेच असतं. त्यातही जे गुंतवळासारखं दिसतं, ‘रेनडिअर मॉस’ नावाचं, ते तर मॉसच नाही, लायकेन आहे. आपल्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल असतं ना, त्याच्या गोतावळ्यातलं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा ‘मॉस बॉल’ हासुद्धा शैवालाचा गोळा असतो. घेऊ नका असं नाही, पण काय घेतोय ते माहीत असावं. मेलेल्याला पाणी घालत बसण्यासारखं दुःख नाही.

दुसरं मी शिजवलं. कूलरखालचा तुकडा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत लावला, वर घट्ट झाकण, आणि बरणी पश्चिमेच्या खिडकीत. बंद काचेत ऊन शिरलं की आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. उन्हात लावलेल्या कारमध्ये बसून बघा. मॉस ओलं असताना उष्णता त्याला अजिबात सोसत नाही. वाळलेलं असताना तेच कितीतरी जास्त सोसतं. दोन दिवसांत बरणीतून उकडलेल्या पालेभाजीचा वास आला.

तिसऱ्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं, कारण ते काळजी घेऊन मारलं. ते विटेच्या तुकड्यावर नीट धरलं होतं. हिवाळाभर छान राहिलं. मार्च संपताना कडा तपकिरी पडायला लागल्या, तशी मी घाबरले. कॉलेजातून एक-दीडला घरी यायचे आणि चप्पल काढायच्या आधी त्यावर दोन फवारे मारायचे. मारलं की क्षणात हिरवं व्हायचं, काय बरं वाटायचं! दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा कोरडं. आई म्हणायची, ‘कामून भिजवायलीस त्या विटंला रोज रोज?’ मे महिना अर्धा होईपर्यंत ते काळपट पडलं आणि फुंकर मारली तर भुगा उडू लागला.

त्याच वेळी आमच्या मागच्या भिंतीवर थोडं मॉस होतं. त्याला कुणी थेंबभर पाणी दिलं नव्हतं. उन्हाळाभर तापलेल्या सिमेंटवर ते काळ्या चट्ट्यासारखं पडून होतं. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिरवं होतं.

असं का, हे शोधायला मला वेळ लागला. तुम्हाला मी दोन परिच्छेदांत सांगते, कारण मॉस पाळण्यातलं खरं ज्ञान एवढंच आहे. बाकी सगळी सजावट.

आपली तुळस किंवा जास्वंद मुळांतून पाणी ओढून अंगात राखून ठेवते. ते संपलं की मरते. मॉसला पाणी राखताच येत नाही. हवा कोरडी झाली की तेही कोरडं होतं, पण मरत नाही. आतले सगळे व्यवहार जवळजवळ बंद करून पडून राहतं. झोपलंय म्हणा. भिंतीवरच्या मॉसमध्ये आपल्या देशात फार ठिकाणी सापडणारी एक जात आहे, हायोफिला इन्व्होल्युटा. इन्व्होल्युटा म्हणजे आत वळलेली. कोरडं झालं की तिची पानं आत वळून नळीसारखी होतात, पाणी मिळालं की बघता बघता उलगडतात. वाळलेल्या चट्ट्यावर ड्रॉपरनं एक थेंब टाका आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ते रील बरणीतल्या हरणापेक्षा भारी होतं.

पण हे जागं होणं फुकट नसतं. वाळताना आणि पुन्हा भिजताना पेशींची जी मोडतोड होते, ती आधी दुरुस्त करावी लागते. त्यासाठी साठवलेली साखर खर्च होते. दुरुस्ती झाली, की मग प्रकाशात नवीन अन्न तयार होऊ लागतं आणि खर्च भरून निघतो. त्यासाठी मॉस बराच वेळ सलग ओलं राहावं लागतं. माझा एप्रिलमधला दुपारचा फवारा दहा मिनिटांत उडून जायचा. म्हणजे उठवलं, खर्च करायला लावला, कमाईची वेळ आली की पाणी काढून घेतलं. रोज. नाइट मारून पहाटे झोपलेल्या पोराला दर तासानं हलवून ‘झोपलास का रे?’ विचारण्यासारखं. महिन्या-दोन महिन्यांत त्याचं खातं रिकामं झालं.

म्हणून उन्हाळ्यात दोनच रस्ते. एक तर द्यायचंच असेल तर सूर्य मावळल्यावर, भरपूर द्या, म्हणजे रात्रभर आणि सकाळचे तास ते ओलं राहील. नाहीतर अजिबात देऊ नका. सावलीत, कोरड्या जागी ठेवा आणि विसरा. मला दुसरा रस्ता आवडतो. मॉसच्या चिवटपणाची काळजी करू नका. २०१४ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे आणि रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी अंटार्क्टिकातल्या सिग्नी बेटावरच्या गोठलेल्या थरातून काढलेलं, दीड हजारांहून अधिक वर्षं बर्फात असलेलं मॉस प्रयोगशाळेत पुन्हा वाढताना दाखवलं. आपला उन्हाळा चार महिन्यांचा.

लावायचं कसं

पाऊस पडून गेल्यावर, मॉस ओलं असताना जा. जुनं एटीएम कार्ड किंवा पातळ उलथनं त्याच्या खाली सरकवा आणि रुपयाच्या नाण्याएवढे तीन-चार तुकडे उचला. एका जागचं सगळं खरवडू नका, भिंतीलाही थोडं राहू द्या. पाण्यात हलकेच बुडवून मुंग्या आणि माती काढा.

खाली काय घालायचं, तर ते जिथं वाढत होतं तसंच काहीतरी. विटेवरचं विटेवर, सिमेंटवरचं सिमेंटच्या तुकड्यावर. फुटलेल्या माठाची खापरंही फार छान दिसतात. माती लागणार असेल तर एक सांगते, आपली काळी माती नको. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि वर नुकतंच धरत असलेलं मॉस त्या भेगेबरोबर फाटतं. विटेचा चुरा आणि चाळलेला मुरूम अर्धा-अर्धा घ्या, पाण्यात कालवून पातळ थर द्या, त्यावर तुकडे ठेवा आणि बोटानं घट्ट दाबा. मुळं नसल्यामुळं ‘आत रोवणं’ इथं नाही. टेकलं पाहिजे, बस. पहिले तीन आठवडे हलवू नका आणि संध्याकाळी फवारा चुकवू नका. खत अजिबात नको. कुंडीला घालतो म्हणून याला शेणखत किंवा डीएपी घातलंत तर बुरशी पोसाल.

कुंडीखाली ठेवतात त्या मातीच्या पसरट थाळीत हे सगळं मांडा. बरणीच पाहिजे असेल तर तोंड मोठं घ्या आणि झाकण अर्धवट ठेवा. रीलमधली बंद बरणी दमट जंगलातल्या मॉसला मानवते. आपलं भिंतीवरचं मॉस उन्हातान्हाचं, त्याला सतत कोंडून ठेवलं की ते उंच, लुकडं आणि फिकट होतं, नाहीतर पांढरी बुरशी धरते. सकाळी काचेवर थोडी वाफ दिसली तर ठीक. दिवसभर दिसली तर झाकण काढा. जागा पूर्वेची किंवा उत्तरेची, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही.

आणि हो, ताक. मिक्सरमध्ये मॉस आणि ताक फिरवून भिंतीला रंगासारखं फासा, हा उपाय जगभर फिरतोय. मी करून पाहिला. तिसऱ्या दिवशी आंबूस वास, पाचव्या दिवशी मुंग्यांची रांग, पंधराव्या दिवशी करडी बुरशी. ताक आपण प्यावं.

पाण्याचं काय?

हा प्रश्न आपल्याकडं विचारलाच पाहिजे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या फेरीत दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर पाणी. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असतील, घागरींच्या रांगेत उभेही राहिले असतील. ज्या घरात नळ कधी येणार याचा हिशेब कॅलेंडरवर लिहिलेला असतो, तिथं शोभेच्या झाडाला पाणी घालताना हात अडखळतो आणि तो अडखळावाच. माझी एक मैत्रीण लातूरला एमआयडीसी भागात राहते. मी तिला मॉसचा तुकडा देऊ केला तर म्हणाली, ‘आमच्याकडं माणसाला पुरंना, ह्याला कुठून देऊ?’

म्हणून मी मोजलं. टेबलाएवढा पसारा नाही, एका थाळीतलं मॉस. संध्याकाळी एकदा नीट भिजवायला मला साधारण दोन मोठे चमचे पाणी लागतं. पावसाळ्यात शून्य, कारण थाळी बाहेरच असते. हिवाळ्यात एका दिवसाआड, उन्हाळ्यात झोप. वर्षाचा हिशेब दोन-अडीच लिटरच्या पुढं जात नाही. एवढं पाणी पावसाळ्यात पत्र्याखाली एक बादली ठेवली तर एका सरीत जमतं. मी शीतपेयाच्या दोन बाटल्या भरून पलंगाखाली ठेवते. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘मग आण.’

पावसाचं पाणी हे काटकसरीसाठीच नाही, मॉसच्या तब्येतीसाठीही लागतं. आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो, तोच मॉसच्या पानांवर बसतो. मुळं नसल्यामुळं ते क्षार मातीत गाळून घेण्याची सोय त्याच्याकडं नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी त्याहून वाईट, कारण पाणी उडत राहतं आणि क्षार मागं साठत जातात. (मग लातूरच्या त्या भिंतीवर ते कसं वाढलं? बहुधा पावसाळ्यात सगळं धुऊन निघत असावं. आणि काकू टाकी दर आठवड्याला घासायच्या.) आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही नको, त्यात क्षारच एकवटलेले असतात. पिण्याच्या जारचं चालतं. एसीच्या नळीतून ठिबकणारंही चालतं, ते हवेतल्या बाष्पाचंच पाणी असतं. नळाचं असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा.

कुठून आणायचं नाही

पावसाळ्यात कंधारच्या किल्ल्यात, औशाच्या, उदगीरच्या तटबंदीवर, खरोशाच्या लेण्यांपाशी, होट्टलच्या मंदिरांभोवती फिरायला जाल तर जुन्या दगडांच्या सांध्यांत काय काय हिरवं दिसेल. बघा, फोटो काढा, हात लावू नका. संरक्षित स्मारकाचा दगड खरवडणं हा कायद्यानं गुन्हा आहे, आणि उलथन्याचा ओरखडा पुढच्या पावसात बुजत नाही. गावाकडची पडीक बारव असेल तर तिच्या खालच्या पायऱ्यांपाशी वाकून बघा. वर सगळं जळालेलं असतं तेव्हाही तिथं, ओल धरून राहिलेल्या सांध्यात, मॉस आणि नेचे टिकलेले दिसू शकतात. तिथून तर मुळीच काढू नका. आंबोली, महाबळेश्वरच्या सहलीतून पिशवी भरून आणण्यातही अर्थ नाही. धुक्यातलं मॉस आपल्या मार्चपर्यंतही पोचत नाही.

नर्सरीतलं वाळलेलं ‘स्फॅग्नम’ वेगळ्या कामाचं. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं, म्हणून ऑर्किडला आणि कलमांना वापरतात. पहिल्या महायुद्धात त्याच्या पट्ट्या जखमांवर बांधायचे. पण ते थंड दलदलीतून काढून आणलेलं असतं. मनी प्लँटच्या काठीसाठी तेच पाहिजे असं नाही, नारळाचा काथ्याही तेवढंच काम करतो.

हा छंद जगात काही नवा नाही. जपानमध्ये क्योटोतलं साइहोजी हे मंदिर तिथल्या मॉसच्या बागेमुळं ‘कोकेदेरा’, म्हणजे मॉसचं मंदिर, म्हणून ओळखलं जातं आणि तिथं जायला आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडं नैनितालजवळ खुर्पाताल इथं उत्तराखंड वनविभागानं देशातली पहिली मॉस बाग उभी केली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिचं उद्घाटन जलपुरुष राजेंद्रसिंह यांनी केलं. पाण्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाच्या हस्ते मॉसची बाग, हे मला फार पटलं. आपल्या भागातल्या मॉसकडं मात्र सहसा कुणी वळून बघत नाही. बॉटनीला असाल तर प्रोजेक्टसाठी याच त्या त्या गुलाबाच्या कलमांऐवजी कॉलेजच्या टाकीखालचं मॉस घ्या. एक भिंग, एक स्लाइड आणि वर्षभराच्या तारखा. कुठल्या पावसाला हिरवं झालं, कधी वाळलं, बोंडं कधी धरली. त्या बारीक दांड्यांवरच्या बोंडांतून बीजाणू उडतात. अकरावीच्या पुस्तकातला स्पोरोफाइट तो हाच. आकृतीत तो बोटाएवढा असतो, प्रत्यक्षात अगदी इवलासा.

माझं चौथं मॉस आता तिसऱ्या वर्षात आहे. फुटक्या माठाच्या खापरावर. सध्या पुस्तकांच्या कपाटामागं ठेवलंय, तपकिरी, कोरडं, बघून कुणी म्हणणार नाही की जिवंत आहे. मागच्या आठवड्यात आईनं झाडताना ते उचललं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘झोपलंय का अजून?’ मी हो म्हटलं. तिनं होतं तिथंच परत ठेवलं.